तापली की बंद, निवली की सुरू: जुन्या फियाटचा एक चिवट दोष आणि तो शोधण्याची रीत

पणजीहून फोंड्याकडे परतताना जुने गोवे मागे पडते, बाणस्तारीचा पूल ओलांडला जातो, भोम संपते आणि कुंडईचा चढ लागतो. माझी १९६९ ची फियाट ११०० डिलाइट सलग दोन उन्हाळे याच चढावर बंद पडत असे. आधी कोणी मागून ओढून धरल्यासारखी ती अडखळायची, मग दोन आचके द्यायची आणि तिसऱ्या आचक्याला इंजिन शांत व्हायचे. स्टार्टर मारला तर इंजिन फिरत असे, पण पेट घेत नसे. बॉनेट उघडून सावलीत अर्धा तास बसले की तीच गाडी लगेच सुरू होई आणि बांदोड्याला घरापर्यंत कसलीही कुरकुर न करता येई. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीसमोर उभी केली, तर तिच्यात काही खोट सापडत नसे.

वडिलांची ही गाडी निवृत्तीनंतर मी खोपीतून बाहेर काढली. पत्रा, ब्रेक, वायरिंग, आसने ही कामे वेळ खाणारी असली तरी सरळ होती. जे मोडले होते ते दिसत होते, आणि जे दिसत होते ते दुरुस्त होत होते. हा एक दोष मात्र तसा नव्हता. वीज खात्यात ३३ वर्षे काढलेल्या माणसाने तो शोधायला दोन वर्षे घ्यावीत ही शोभेची गोष्ट नाही, परंतु माझ्या चुका ज्या क्रमाने झाल्या त्याच क्रमाने बहुतेकांच्या होतात असे मला दिसले आहे, म्हणून त्या लपवण्यात अर्थ नाही.

पहिली चूक धंद्याची होती. हातात हातोडा असलेल्याला सगळीकडे खिळे दिसतात, तसे मला सगळीकडे वीज दिसली. मेस्त्री म्हणाला, "पात्रांव, कॉइल तापून जाते," आणि मला ते ऐकताक्षणी पटले. (कॉइल म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी बॅटरीच्या विजेचा दाब वाढवणारे वेटोळे.) मी तापलेली कॉइल मीटरने मोजली. थंड असताना प्राथमिक वेटोळ्याचा रोध ३ ओहम होता, तो गरम असताना ३.६ ओहम भरला. झाले, गुन्हेगार सापडला! नवीन कॉइल डिसेंबरात बसवली आणि गाडी दीड महिना बिनतक्रार चालली. मार्चमध्ये ती पुन्हा कुंडईला उभी राहिली. दुसरी कॉइल आणली. तिसरी मुंबईहून मागवली. तिसरीही तापल्यावर ३.६ दाखवू लागली तेव्हा कुठे मला आठवले की तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल ५० अंशांनी तापली तर ३ ओहमचे ३.६ ओहम होणारच. तो दोष नसून पदार्थविज्ञान आहे. त्या दीड महिन्यात हवा थंड होती आणि फेऱ्या फोंडा बाजारापुरत्याच होत्या, एवढेच त्या पहिल्या कॉइलचे कर्तृत्व.

याला जोडूनच एक सावधगिरी सांगतो. गाडी बंद पडल्यावर चावी चालू ठेवून बॉनेटखाली डोके घालण्याची अनेकांना सवय असते. त्या वेळी पॉइंट, म्हणजे कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, जर मिटलेले असतील, तर १२ व्होल्ट आणि ३ ओहम या हिशेबाने कॉइलमधून ४ अँपिअर सतत वाहतात, म्हणजे जवळपास ५० वॉटची शेगडी बंद डब्यात पेटलेली असते. माझ्या पहिल्या दोन कॉइल मूळच्या चांगल्या होत्या. तपासण्याच्या नादात त्या मीच भाजल्या असण्याची शक्यता मोठी आहे. गाडी थांबली की आधी चावी बंद करावी.

चार दोष, एकच सोंग

या तक्रारीत फसवणूक कुठे आहे ते नीट पाहू. चालून तापलेली गाडी बंद पडते आणि वीस-तीस मिनिटांनी सुरू होते, या एकाच वर्तनामागे किमान चार वेगवेगळी कारणे असू शकतात, आणि अर्ध्या तासाची विश्रांती त्या चौघांनाही सारखीच मानवते.

पहिले कारण पेट्रोलची वाफ. पेट्रोल हे एकजिनसी द्रव नाही. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. इंजिनाच्या अंगावर बोल्टने बसवलेला पेट्रोलचा पंप, ज्याला गराजमध्ये एसी पंप म्हणतात, तो आणि त्याच्याकडे येणारी नळी तापली की आत वाफेचे बुडबुडे धरतात. पंपाचा पडदा द्रव ढकलण्यासाठी असतो. वाफ तो नुसती दाबतो आणि सोडतो, पुढे जात काहीच नाही. गाडी निवली की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते.

दुसरे कारण विजेचे. कॉइलमधले इन्सुलेशन किंवा डिस्ट्रिब्युटरवरचा (प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या भागावरचा) कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी शमवणारा छोटा डबा, तापल्यावर दगा देतो आणि निवल्यावर शहाण्यासारखा वागतो. तिसरे कारण टाकीतला गंज. गंजाच्या पापुद्र्यांचा गाळ पंपाच्या ओढीने टाकीतल्या नळीच्या तोंडाशी जमतो आणि वाट अडवतो. इंजिन थांबले की ओढ संपते आणि गाळ हळूहळू खाली बसतो. या दोषाचा उष्णतेशी काही संबंध नाही, पण पुरेशी ओढ लागायला पंधरा-वीस किलोमीटर जावे लागतात, तोपर्यंत गाडी तापलेली असते आणि माणूस उष्णतेलाच दोष देतो. चौथे कारण टाकीत हवा शिरण्याचे छिद्र बुजणे. जेवढे पेट्रोल बाहेर जाते तेवढी हवा आत आली नाही, तर टाकीत पोकळी धरते आणि काही वेळाने पंपाला ती ओढ भारी पडते. गाडी उभी राहिली की कुठून तरी थोडी हवा झिरपते आणि सर्व ठीक होते. आपल्याकडे हे छिद्र लाल मातीच्या धुळीने बुजते, नव्या रंगाने बुजते आणि कुंभारीण माशीने तिथे मातीचे घर बांधल्यानेही बुजते. गाडी चार महिने खोपीत उभी असेल तर कुंभारणीचा संशय आधी घ्यावा.

म्हणून सावलीत बसून वाट पाहणे हा या तक्रारीवरचा सर्वांत वाईट उपाय आहे. गाडी सुरू होते खरी, पण पुरावा नाहीसा होतो. दोष ज्या पाच मिनिटांत हजर असतो त्याच पाच मिनिटांत तो ओळखायला हवा; दुसऱ्या दिवशी थंड गाडीवर कितीही हुशार मेस्त्री बोलावला तरी तो अंदाजाने एखादा भाग बदलण्यापलीकडे काही करू शकत नाही.

पहिल्या पाच मिनिटांत काय करावे

यासाठी डिकीत काही वस्तू कायम असाव्यात: पाने आणि पेचकस, रबरी मुठीची पक्कड, पाण्याची बाटली, दोन जुने पंचे, सायकलचा हातपंप आणि त्याच्या तोंडाला बसणारी वीतभर रबरी नळी, चालू स्थितीत असल्याची खात्री केलेला एक जादा कंडेन्सर, आणि अग्निशामक. शेवटची वस्तू उगाच लिहिलेली नाही. तापलेले इंजिन, उघडे पेट्रोल आणि ठिणगी ही तिन्ही या तपासणीत एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून पेट्रोलची आणि ठिणगीची परीक्षा एकाच वेळी कधीही करू नये आणि नळीतून सांडलेले पेट्रोल पुसून, वास जाईपर्यंत थांबावे.

गाडी कडेला घेऊन चावी बंद केली की सर्वप्रथम टाकीचे झाकण उघडावे आणि कान जवळ नेऊन ऐकावे. हवा आत ओढली जात असल्याचा फुस्स असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर चौथे कारण सापडले. याला दहा सेकंद लागतात. आवाज आला नाही तर झाकण लावून पुढे यावे.

नंतर एअर क्लीनरचे झाकण काढून कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, घशात पाहावे आणि हाताने थ्रॉटलची (अ‍ॅक्सिलरेटरच्या पॅडलला जोडलेली) दांडी झटक्याने ओढावी. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. आपल्या फियाटना आणि पुढे आलेल्या प्रीमियर पद्मिनीला जो सोलेक्स कार्ब्युरेटर असे, त्यात यासाठी वेगळा छोटा पंप असतो. ही पिचकारी म्हणजे या साऱ्या शोधाचा नाका आहे. ती उडाली तर कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे, तेव्हा बहुधा विजेकडे वळावे. ती उडाली नाही तर वाटी कोरडी आहे आणि दोष टाकी ते कार्ब्युरेटर या वाटेवर आहे. अट एवढीच की हा छोटा पंप मुळात चालू असल्याची परीक्षा घरी थंड गाडीवर आधी करून ठेवलेली असावी, नाहीतर मेलेल्या साक्षीदाराची साक्ष काढल्यासारखे होईल.

पिचकारी उडत असेल तर एअर क्लीनर परत बसवावा, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या मधली जाड वायर उपसावी, रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनाच्या उघड्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटर अंतरावर धरावे आणि दुसऱ्याने स्टार्टर मारावा. निळी, जाड, चट् चट् आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइल आणि कंडेन्सर दोघेही निर्दोष. पिवळसर, रोडावलेली ठिणगी आली किंवा ठिणगीच आली नाही, तर तिथल्या तिथे जादा कंडेन्सर बसवून पाहावा. तेवढ्याने भागले नाही तर ओला पंचा फक्त कॉइलवर गुंडाळून तीन-चार मिनिटे थांबावे. ठिणगी परतली तर कॉइल बदलण्यायोग्य आहे हे आता अंदाजाने नव्हे, डोळ्यांनी ठरले. डिस्ट्रिब्युटरवर पाणी सांडू देऊ नये, कारण मग जुन्या दोषात नव्याची भर पडते.

पिचकारी उडत नसेल तर वाफ आणि गंज यांचा निवाडा करावा लागतो, आणि त्यासाठी दोन प्रयोग आहेत. ओला पंचा फक्त एसी पंपावर आणि त्याला जोडलेल्या नळीवर टाकावा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर पाणी पडता कामा नये, तो तडकू शकतो. दोन-तीन मिनिटांत गाडी सुरू झाली तर वाफेवरचा आरोप बळकट होतो. दुसरा प्रयोग असा: टाकीकडून येणारी नळी एसी पंपाच्या तोंडाशी सोडवावी, टाकीचे झाकण उघडे ठेवावे आणि सायकलच्या पंपाने त्या नळीतून टाकीच्या दिशेने हवा मारावी. मागे टाकीत गुडगुड आवाज यायला हवा. सुरुवातीला हवा अडली आणि मग एकदम मोकळी झाली, तर नळीच्या तोंडाशी काहीतरी बसलेले होते. नळी जोडून, सांडलेले पेट्रोल पुसून गाडी सुरू केल्यावर इंजिन अजून कढत असूनही ती सुरळीत पळाली, तर दोष टाकीत आहे. तोंडाने फुंकण्याचा मोह टाळावा; पेट्रोल पोटात किंवा फुफ्फुसात जाणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

एका वेळी एकच प्रयोग करावा. दोन पंचे दोन ठिकाणी टाकले आणि गाडी सुरू झाली, तर घरी पोहोचल्याचा आनंद होईल, ज्ञान काहीच होणार नाही.

माझ्या गाडीत काय निघाले

तिसऱ्या कॉइलनंतर एप्रिलच्या एका दुपारी मी भाच्याला शेजारी बसवून मुद्दाम पणजीला गेलो आणि परतताना गाडी कुंडईच्या चढावर अपेक्षेप्रमाणे बंद पडली. झाकण उघडले, आवाज नाही. थ्रॉटल ओढला, पिचकारी नाही. दोन वर्षे विजेमागे धावलेल्या मला तो कोरडा घसा पाहून लाजही वाटली आणि हायसेही. पंपावर ओला पंचा टाकला. तीन मिनिटांत गाडी सुरू झाली. "मामा, वाफच ती," भाचा म्हणाला. पण दोन किलोमीटरही न जाता, म्हार्दोळच्या अलीकडे, ती पुन्हा थांबली. या वेळी मागे हवा मारली. नळी क्षणभर अडली, मग टाकीत घळघळले, आणि फर्मागुढीचा चढसुद्धा गाडी एका दमात चढून गेली.

म्हणजे दोन्ही प्रयोग लागू पडले होते, आणि इथेच मला हा दोष खऱ्या अर्थाने कळला. द्रवावरचा दाब कमी केला की तो कमी तापमानाला उकळतो. टाकीकडून पंपाकडे येणारी नळी ही ओढीची बाजू आहे. तिच्यात दाब आधीच कमी असतो. टाकीतली वाट गाळाने अर्धवट अडली की पंप जास्त जोराने ओढतो, दाब आणखी उतरतो आणि एरवी द्रव राहिले असते असे पेट्रोल त्याच उष्णतेत उकळू लागते. नुसत्या गाळाने माझी गाडी सपाटीवर थांबली नसती, नुसत्या उष्णतेनेही कदाचित थांबली नसती; गंजाने दार लोटले आणि उष्णतेने कडी घातली. मुख्य कारण सोडून नळ्यांना चकाकी कागद गुंडाळणारे आणि पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावणारे बरेच जण मी पाहिले आहेत. चिमट्याने नळीची उष्णता कमी होत नाही. चिमटा लावेपर्यंत गाडी निवते, एवढाच त्याचा गुण.

ओढीच्या बाजूबद्दल आणखी एक. तिथल्या रबरी तुकड्याला बारीक चीर असेल तर तिथून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. खाली थेंब दिसत नाही म्हणून नळी चांगली, हा समज चुकीचा आहे. नळी वाकवून पाहावी. बाहेरून चिरा दिसल्या किंवा बोटाला काळे लागले तर ती टाकून द्यावी.

टाकी

हे काम मात्र रुचेल त्याने आठवडाभर पुरवून करावे. पावसाळ्यातली आपली हवा अर्ध्या रिकाम्या टाकीत शिरते, रात्री थंड पत्र्यावर तिचे पाणी होते आणि ते पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसते. दरवर्षी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात पन्नास वर्षे उभी असलेली टाकी आतून कशी असेल, याची कल्पना मला मापकाचा तरंगता फ्लोट काढून आत बॅटरी मारली तेव्हा आली. चिऱ्याच्या खाणीत डोकावल्यासारखे वाटले.

टाकी उतरवून पूर्ण रिकामी केली की ती निर्धोक झाली असे समजू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. तिच्याजवळ वेल्डिंग, सोल्डरिंग, ग्राइंडर, उदबत्ती, काहीही नको. साबणाच्या कोमट पाण्याने ती चार-पाच वेळा काठोकाठ भरून ओतावी, वास पूर्ण जाईपर्यंत. नंतर मी तिच्यात हातभर लांबीची लोखंडी साखळी आणि थोडे पाणी घालून ती भाच्याकडून आणि स्वतःकडून पाळीपाळीने हलवून घेतली. पहिल्या दिवशी बाहेर आलेले पाणी मसाला विरघळल्यासारखे तांबडे होते आणि त्यात नखाएवढे पापुद्रे होते.

उरलेल्या गंजासाठी मी माझ्या ओळखीचा मार्ग धरला. टाकी पाण्याने काठोकाठ भरून दर लिटरला एक मोठा चमचा या मानाने धुण्याचा सोडा विरघळवला, फ्लोटच्या भोकातून एक साधी लोखंडी सळई लाकडाच्या बुचात अडकवून आत सोडली, ती टाकीला कुठेही टेकत नाही हे मीटरने पाहिले, आणि बॅटरी चार्जरचे धन टोक सळईला व ऋण टोक टाकीला जोडले. ही दिशा उलटी झाली तर गंज निघण्याऐवजी टाकीच झिजेल, म्हणून जोडण्याआधी दोनदा पाहावे. दोन-तीन अँपिअरचा प्रवाह दिवसभर चालला की सळईवर तपकिरी लगदा जमतो आणि टाकीतला गंज सुटा होऊन काळा पडतो. सळई अधूनमधून खरवडून साफ करावी लागते. स्टेनलेस स्टीलची सळई मात्र वापरू नये, कारण तिच्यातले क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून हे सर्व मी अंगणात, घरापासून दूर केले आणि चिमटे लावण्या-काढण्याआधी प्रत्येक वेळी चार्जर बंद केला. घरातून सूचना आली होती: "अहो, बिंबलांनी तांब्याची भांडी लखलखतात, मग टाकी का नाही?" सूचना अगदी टाकाऊ नव्हती, ज्याला चार्जरचा खटाटोप नको असेल त्याने लिंबूसत्त्वाचे पाच टक्के द्रावण रात्रभर भरून ठेवले तरी बराच गंज निघतो. फक्त नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लता मारली पाहिजे.

धुतलेले उघडे लोखंड दमट हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होते. म्हणून हे काम एप्रिलच्या कडक उन्हात करावे, शेवटचे पाणी कढत असावे, टाकी तासाभरात वाळवावी आणि लगेच दुचाकीचे टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेले थोडे पेट्रोल आत घोळवावे. टाकीला आतून लावायचे लेप बाजारात मिळतात. माझे मत त्यांच्या विरुद्ध आहे. पृष्ठभाग कणभरही तेलकट राहिला किंवा लेप इथेनॉलला टिकणारा नसला तर तो वर्ष-दोन वर्षांत चामडीसारखा सुटतो आणि गंजापेक्षा मोठे तुकडे नळीच्या तोंडाशी आणून ठेवतो. तळाला गंजाने सुईएवढी भोके पडलेली नसतील तर स्वच्छ लोखंड आणि भरलेली टाकी पुरे.

पंप आणि पेट्रोल

एसी पंप उतरवला तेव्हा तो आणि इंजिन यांच्यामध्ये असायला हवा तो उष्णता अडवणारा जाड तुकडा गायब होता; पूर्वी कधीतरी कोणीतरी नुसते कागदी पॅकिंग लावून पंप बसवला होता. तो तुकडा मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका सुट्या झालेल्या पद्मिनीतून मिळाला. १०८९ सीसीचे हे इंजिन डिलाइटमधून पुढे प्रेसिडेंट आणि पद्मिनीत गेले, हे आपले भाग्य. पण ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा लागणारे भाग आत्ताच घेऊन ठेवावेत. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना वाटेल तितकी पॅकिंग भरू नयेत, कारण जाडी वाढली की पंपाच्या दांडीची चाल कमी होते आणि पंप अर्धपोटी राहतो.

टाकीपाशी विजेचा छोटा पंप बसवावा असा सल्ला हमखास मिळतो. त्याने वाफेचा प्रश्न सुटतो हे खरे, कारण मग नळीत ओढीऐवजी दाब येतो. पण टाकीतला गाळही तो काही काळ झाकून ठेवतो, आणि दाब पाव बारच्या वर गेला तर कार्ब्युरेटरची सुई तो अडवू शकत नाही व पेट्रोल वाहू लागते. अपघातात इंजिन थांबले तरी पंप चालू राहील अशी जोडणी तर कदापि नको. मी तो बसवलेला नाही.

पेट्रोलकडेही पाहिले पाहिजे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळते, तरी पेट्रोलमध्ये मिसळल्यावर मिश्रणाची वाफ होण्याची ओढ मूळ पेट्रोलपेक्षा वाढते. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे प्रमाण १४.७ भाग धरले तर या मिश्रणासाठी ते साडेतेराच्या आसपास येते. जुन्या जेटने, म्हणजे कार्ब्युरेटरातल्या पेट्रोल मापून सोडणाऱ्या छिद्राने, तेवढेच इंधन दिले तर इंजिनाला ते अपुरे पडते आणि इंजिन अधिक तापते. मी मुख्य जेट एक पायरी मोठा घातला आणि प्लगचा रंग पांढरट होता तो फिकट तपकिरी झाला. जुने रबर इथेनॉलने फुगते आणि आतून सुटते, म्हणून सर्व रबरी तुकडे इथेनॉलला टिकणाऱ्या नळीचे घातले; दुकानात आर-९ प्रतीची नळी मागावी. पंपाचा पडदाही जुन्या साठ्यातला नको, कितीही अस्सल खोक्यात असला तरी. पंपाच्या आधी, तापणाऱ्या भागापासून दूर, पारदर्शक फिल्टर लावला आहे. त्यात तांबडे कण किंवा बुडबुडे दिसले की पुढचे भविष्य कळते.

जुलैत परतलेला दोष

एप्रिल-मेमध्ये गाडी कुंडईचा चढ सहा वेळा न थांबता चढली. जुलैत, भर पावसात, जुन्या गोव्याच्या अलीकडे ती त्याच जुन्या थाटात बंद पडली. टाकी पुन्हा गंजली, हा पहिला विचार. पण हवा थंड, नळ्यांवर पावसाचे पाणी, आणि चढ कुठेच नाही. थ्रॉटल ओढला, पिचकारी सुरेख उडाली. एअर क्लीनर बसवून, भाच्याला छत्री धरायला लावून ठिणगी पाहिली: पिवळी आणि रोगट. दोन वर्षे मी ज्याच्यावर खोटा आरोप ठेवत होतो तो विजेचा दोष आता खरोखर आला होता. कंडेन्सर बदलला आणि गाडी सुरू झाली. घरी पॉइंट उघडून पाहिले तर ते निळसर जळलेले होते, जे कंडेन्सर आजारी असल्याचे जुने लक्षण आहे. काढलेला कंडेन्सर थंड असताना मीटरवर ०.२२ मायक्रोफॅरड दाखवत होता, म्हणजे अगदी योग्य. हेअर ड्रायरने तापवल्यावर आकडा नाचू लागला. नवीन पॉइंट ०.४५ मिलिमीटरवर लावले. त्याच बैठकीत इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थची पट्टीही काढली, कारण खाऱ्या वाऱ्याने तिच्या टोकांना हिरवट बुरशी धरली होती. स्टार्टर मारताना इंजिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मीटर लावून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर ती पट्टी घासून पुन्हा आवळावी.

आता एकच त्रास उरला आहे आणि तो दोषात मोडत नाही. पणजीत बाजारासाठी गाडी दहा-पंधरा मिनिटे उन्हात उभी केली की पंखा आणि पाणी थांबल्याने बॉनेटखालची उष्णता उलट वाढते, कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात सांडते आणि गाडी सुरू व्हायला कुरकुरते. इथे पेट्रोल कमी नसून जास्त झालेले असते, तेव्हा चोक ओढणे किंवा पॅडल पुन्हा पुन्हा मारणे हे नेमके उलटे आहे. पॅडल एकदाच हळू तळापर्यंत दाबून तसेच धरावे, चोक पूर्ण आत असावा, आणि स्टार्टर आठ-दहा सेकंद मारावा. जादा पेट्रोल निघून गेले की इंजिन धूर सोडत पेट घेते. मी अलीकडे गाडी लावताना बॉनेट एक खटका सैल करून ठेवतो आणि शक्यतो सावली शोधतो.